नऊ वार आणि अकरा डोकी

टेंभुर्णीच्या मुलींच्या शाळेत शिकवायला एक म्हातारे मास्तर होते आणि शिकणाऱ्यांना धरून आणायला चतुराबाई होती. यातलं अवघड काम कोणतं, हे गावात कुणाला विचारायची गरज नव्हती. मास्तरांपुढे पोरी आयत्या येऊन बसत. चतुराबाईला त्या शेणाच्या पाटीमागून, भावंडाच्या पाळण्याजवळून, कापसाच्या वावरातून आणि एकदा तर ज्वारीच्या कणगीतून काढाव्या लागल्या होत्या.

निजामाच्या राज्यात मुलींच्या शाळेला अशी एक बाई सरकारातून मिळायची. कागदावर तिचा हुद्दा ‘मामा’ असा लिहिलेला असे. उर्दूत कामवाल्या बाईला मामा म्हणतात, हे गावाला कळेपर्यंत पोरींनी तिला चतुरामामा करून टाकलं होतं आणि तिच्या नवऱ्याला, रखमाजीला, पारावरचे टवाळ मामी म्हणू लागले होते. रखमाजी सोसणारा माणूस. तो म्हणायचा, “म्हणा. सरकारी मामाची मामी हाय, साध्यासुध्या मामाची न्हाई.”

चतुराबाई उंच, हाडापेरानं मोठी आणि चालीला घाईची होती. तिला अक्षर येत नव्हतं, पण पोरगी शाळेत न्यायची तिची एक पद्धत होती. ती आईशी वाद घालत नसे. दारात जायचं आणि पोरगी जे करत असेल ते काम स्वतः करायला घ्यायचं. पोरगी भाकरी थापत असली, तर ही म्हणायची, “ऊठ, मी थापते.” आणि अशा काही भाकरी थापायची, की दुसऱ्या दिवशी आई पोरीला दिवस उगवायच्या आत शाळेत धाडून द्यायची. पाळणा हलवायला बसली, तर इतक्या मोठ्यानं गायची, की झोपलेलं पोर जागं व्हायचं. दोन वर्षांत तिनं पंधरा पोरी जमवल्या होत्या. त्यातली एक तिची स्वतःची, साळू.

खरं तर साळूसाठीच तिनं ही नोकरी धरली होती. चौथी पास झालेल्या बाईला सरकार मास्तरीण करतं, असं तिनं जाफराबादच्या बाजारात ऐकलं होतं. साळू आता वयाच्या बाराव्या वर्षात होती आणि चौथीत होती. परीक्षा होळीनंतर जाफराबादला होती. पोरगी पाढे असे म्हणायची, की ऐकणाऱ्याला धाप लागावी.

ही गोष्ट फसली तेराशे सत्तेचाळीसची, म्हणजे इंग्रजी अडतीस साल नुकतं लागलं होतं तेव्हाची. दिवाळीनंतर गावात नवे हेडमास्तर आले होते. मुलांची शाळा आणि मुलींचा वर्ग दोन्ही त्यांच्याच हाताखाली. ते औरंगाबादेत राहून आलेले होते. तिथल्या शाळांतली मुलं कशी एका रांगेत, एका वेशात असतात, हे ते इतक्या वेळा सांगायचे, की गावाला वाटावं औरंगाबादेत मुलं जन्मतःच टोपी घालून येतात. संक्रांतीनंतर त्यांनी फळ्यावर हुकूम लिहिला:

‘मुलांनी डोक्यास टोपी घालावी. दहा वर्षांवरील मुलींनी लुगडे नेसून डोक्यावर पदर घ्यावा. कसूर करणारास वर्गात घेतले जाणार नाही.’

फळ्यावर दोन्ही हुकूम साधारण सारख्याच लांबीचे होते. म्हणून हेडमास्तरांना ते सारखेच वाटले.

मुलांनी आपल्या हुकुमाचा निकाल दोन दिवसांत लावला. मुलं होती चाळीसच्या वर आणि गावात त्यांच्या मापाच्या टोप्या निघाल्या एकोणीस. हेडमास्तर दारात उभे राहून डोकी तपासत. टोपी दारातून आत जाई, मागच्या खिडकीतून बाहेर पडे, भिंतीला वळसा घाली आणि दुसऱ्या डोक्यावर बसून पुन्हा दारातून आत येई. काही टोप्यांना सकाळच्या पारी चार-चार खेपा पडत. तिसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी एक टोपी खिडकीतून उडताना डोळ्यांनी पाहिली. ते म्हणाले, “मुलगे आहेत. चालायचंच.”

मुलींचं तसं नव्हतं. लुगडं खिडकीतून फेकता येत नाही, ही तर साधी अडचण झाली. खरी अडचण वेगळीच होती. त्या भागात पोरगी परकर-पोलक्यात असेपर्यंत लेकरू असते. ज्या दिवशी ती लुगडं नेसून दाराबाहेर पडली, त्या दिवशी ती लग्नाची झाली. मग तिचं वय कुणी विचारत नाही, लुगड्याला बघून पाहुणे येतात. पोराच्या डोक्यावर टोपी घातली तर पोर टोपीवालं होतं. पोरीला लुगडं नेसवलं, की तिची शाळा संपते. शाळेत यायचं असेल तर लुगडं नेसा, असं सांगणं म्हणजे विहिरीत उतरायचं असेल तर दोर कापा, असं सांगणं होतं.

आठ दिवसांत वर्ग उठला. पंधरांपैकी तीन पोरी दहाच्या आतल्या होत्या, त्या राहिल्या. मूलचंदशेठची नात संतोष राहिली, कारण मारवाड्यांच्या पोरी लहानपणापासून ओढणी घेतात आणि त्यांच्यात ओढणीचा अर्थ थंडी-वाऱ्यापलीकडे कुणी काढत नाही. उरलेल्या अकरा पोरी घरी बसल्या. चतुराबाईनं त्यांच्या घरी जाऊन भाकरी थापल्या, पाळणे हलवले, पण या वेळी आया हलल्या नाहीत. “मामा, तुमच्या भाकरी खाऊ वाटल्यास,” त्या म्हणाल्या, “पण पोरीला लुगडं न्हाई नेसवायच्या.”

अकरांतली एक साळू होती. आणि तिच्या पाठीमागे तर पाहुणे आधीपासूनच उभे होते.

रखमाजीचा थोरला भाऊ रामराव हा घरचा कर्ता. त्याची सासुरवाडी शहागडची. गोदावरीच्या काठी, बैलगाडीनं तीन मुक्कामांवर. तिथल्या एका मेव्हण्याच्या पोरासाठी रामरावानं दोन वर्षांपूर्वीच साळूचं नाव घेतलं होतं. चतुराबाईनं तेव्हा ‘पोरगी परकरात हाय’ एवढ्यावर बोलणं थोपवलं होतं. रीतच तशी असल्यामुळे रामरावाला पुढं बोलता आलं नव्हतं. आता फळ्यावरचा हुकूम ऐकून तो आनंदानं हातपाय न धुताच ओसरीवर येऊन बसला.

“रखमा, पोरीला उद्याच लुगडं घे. सरकारच म्हणून राह्यलं नेसव म्हणून. मी शहागडला निरोप धाडतो. होळीच्या आत उरकून टाकू.”

थोरल्या दिराशी तोंडाला तोंड देऊन बोलायची रीत नव्हती. चतुराबाईनं पदर पुढं ओढला आणि दावणीच्या म्हशीकडं तोंड केलं.

“ऐकलं का गं बाई? होळीनंतर पोरीची परीक्षा हाय. परीक्षा सोडून तिनं गोदावरीतले गोटे मोजायला जावं म्हंतेत हे.”

“रखमा, तुह्या बायकोला सांग, चौथी शिकून पोरगी तहसीलदार होणार न्हाई.”

“आन् तुला सांगते म्हशी, शहागडला जाऊन तरी कुठं होणार हाय?”

“लुगडं नेसलं की माझा शब्द खरा. ही आपली ठरलेली गोष्ट हाय.”

“‘नेसलं की’ ना? नेसलं तर खरा. नेसली का अजून?”

म्हैस रवंथ करत राहिली. रखमाजीही.

दुसऱ्या दिवशी चतुराबाई हेडमास्तरांपुढं उभी राहिली. हेडमास्तर चिंतेत होते. औरंगाबादेहून मोठे साहेब मुआयन्याला, म्हणजे तपासणीला, यायचे होते. पंधरवड्यावर तारीख होती आणि मुलींच्या वर्गात चार पोरी होत्या. चार पोरींसाठी सरकार वर्ग चालवत नाही.

“पोरी कुठं आहेत चतुराबाई? तुम्हाला पगार कशाचा मिळतो?”

“पोरी आणायचा. तुम्ही त्यांना परत धाडलं, त्याचा तुम्हाला किती मिळतो?”

हेडमास्तरांनी हे ऐकलं नाही असं ठरवलं. “मोठ्या मुली परकरात पळतात, शेजारून मुलांचा वर्ग जातो. मुलांचं लक्ष जातं. काही मर्यादा नको?”

“लक्ष पोराचं जातं आन् लुगडं पोरीला? घाण्याचा बैल इकडंतिकडं बघायला लागला, तर आपण झापड बैलाला बांधतो मास्तर. ज्याच्याकडं बघितलं, त्याला न्हाई बांधत.”

“मुलांनाही टोपीचा हुकूम आहेच की. मी कुणाला वेगळं वागवत नाही.”

“टोपी घातली म्हणून कोण्या पोराला नवरी बघायला आली का?”

हेडमास्तर वाईट माणूस नव्हते. फक्त एकदा फळ्यावर लिहिलेलं पुसायचं म्हणजे आपलं नाक पुसल्यासारखं त्यांना वाटायचं. ते म्हणाले, “हे बघा. एवढंच सांगतो. मुआयन्याला पदराशिवाय एकही मोठी मुलगी बसणार नाही. डोकी झाकलेली दिसली पाहिजेत.”

“डोकी झाकलेली पायजेत ना? पदरानं?”

“हो.”

“लुगड्याच्या पदरानं?”

“दुसरा कशाचा असतो?”

“मंग बराबर. पोरी मी आणते,” चतुराबाई म्हणाली.

मुलींचा वर्ग मूलचंदशेठच्या जुन्या सरकीच्या गोदामापुढच्या ओसरीवर भरायचा. शेठची बायको पानबाई आतल्या दारात बसून वर्ग ऐकायची. साठीला आलेल्या पानबाईला त्यामुळे सोळापर्यंत पाढे आणि थोडंफार वाचायलाही येत होतं, पण ती हे नवऱ्याला कळू देत नसे. चतुराबाई तिच्याजवळ जाऊन टेकली आणि तिनं आपला बेत सांगितला.

 पानबाईनं ओढणी तोंडात कोंबली आणि खांदे गदागदा हलू लागले.

“अकरा पोरी? एका लुगड्यात?”

“पोरं एका टोपीत चौघं शिकून राह्यली. पोरींनी काय घोडं मारलंय?”

“हेडमास्तर कोपतील.”

“कोपू द्या. पदर असला म्हणजे झालं, असं त्यांनीच सांगितलं. हे बघा पानबाई, लुगडं पोरींनी नेसायचं न्हाई. कोणीच नेसायचं न्हाई. ते नुसतं वरून जाईन. परकर खाली परकरच राहीन. नेसलं न्हाई, तर पाहुण्याला काय बोलता येतंय?”

लुगडं चतुराबाईचंच होतं, लग्नातलं, हिरवं, लाल काठाचं, नऊ वार. पानबाईनं ओसरीच्या खांबाला पाहुणे आल्यावर कंदील टांगायच्या खुंट्या होत्या त्या दाखवल्या. दोघींनी अंतर मोजलं. पोरी दोन रांगांत बसवल्या, तर लुगडं पुढच्या रांगेवरून जाऊन, खांबाला वळून, मागच्या रांगेवरून परत येत होतं. वर हातभर पदर उरत होता. तो टोकाला बसणाऱ्या साळूच्या कपाळावर यायचा, पण चतुराबाईनं तो दुमडून खुंटीला गुंडाळला. पोरीच्या कपाळावर पदर आला असता, तर रामराव तिला नेसलीच म्हणाला असता.

अकरा घरी जाऊन तिनं अकरा आयांना एकच वाक्य सांगितलं: “नेसायचं न्हाई, नुसतं खाली बसायचं.” आया राजी झाल्या. काही जणी तर मुआयना बघायला स्वतःच आल्या.

साहेब सकाळी दहाच्या सुमारास आले. पिकल्या मिशांचे, जाड अंगाचे, घोड्यावरून उतरताना कण्हणारे. आधी ते मुलांच्या शाळेत गेले. तिसरीच्या वर्गात त्यांनी पुढच्या पोराला गणित घातलं. त्याच्या टोपीला मागं शाईचा एवढा मोठा डाग होता. ती टोपी रामरावाच्या घरची. त्याची दोन पोरं तिसरीत आणि दुसरीत होती आणि टोपी दोघांत एक. साहेब शेजारच्या दुसरीच्या वर्गात गेले, तर शाईचा डाग त्यांच्याआधी तिथं पोचलेला होता. पहिलीत गेले, तर डाग एका अशा बारक्या पोराच्या डोक्यावर, की त्याचं फक्त नाक आणि खालचा ओठ दिसत होता.

साहेबांनी टोपी उचलली, उलटी केली, पुन्हा ठेवली. हेडमास्तरांकडं वळून ते उर्दूत म्हणाले, “या टोपीशी माझी ही तिसरी मुलाखत.”

हेडमास्तरांचा चेहरा वांग्यासारखा झाला. “हुजूर, मुलींचा वर्ग पाहावा,” ते घाईनं म्हणाले. त्यांना वाटलं, तिथं तरी लाज राहील.

ओसरीवर समोर एक हिरवा डोंगर होता. डोंगराला बावीस गुडघे होते. कडेला चार पोरी लुगड्याबाहेर बसल्या होत्या, त्यातली ओढणीवाली संतोष खाली बघून ओठ चावत होती.

साहेब थांबले. म्हातारे मास्तर पुस्तकात तोंड घालून उभे राहिले. बायाबापड्या भिंतीमागून बघत होत्या.

“सव्वीस नऊ?” साहेबांनी डोंगराला विचारलं.

“दोनशे चौतीस,” डोंगरातून आवाज आला.

“शाब्बास. कोण बोललं? उभी राहा.”

साळू उभी राहिली. पण तिच्यासोबत लुगडं वर गेलं, शेजारणीच्या डोक्यावरून घसरायला लागलं, म्हणून शेजारीण उभी राहिली, मग तिची शेजारीण. दोन क्षणांत अकराही उभ्या होत्या आणि साहेबांसमोर एक तंबू लागला होता.

“कोण बोललं?” साहेबांनी पुन्हा विचारलं.

“मी,” अकरा आवाज आले. खोटं एकीचंही नव्हतं. पाढे सगळ्यांनाच येत होते.

साहेबांनी हेडमास्तरांकडं बघितलं. हेडमास्तर नऊ वार लांब श्वास घेऊन म्हणाले, “हुजूर, मर्यादा म्हणून... डोकी झाकायची...”

“हे कुणी बांधलं?”

चतुराबाई पुढं झाली.  “मी बांधलं, सायेब. हुकूम झाला पोरींच्या डोक्यावर पदर पायजे. पोरांची टोपी खिडकीतून फिरती, म्हणून त्यांचं भागतं. लुगडं फिरत न्हाई. म्हणून मी पोरींनाच त्याच्याखाली आणलं. पोरी नेसल्या असत्या तर लग्नं होऊन गेल्या असत्या. मंग तुम्ही सव्वीस नव्वं इथल्या खांबाला विचारलं असतं.”

भिंतीमागून कुणीतरी खुसखुसलं. ती पानबाई होती, हे नंतर गावाला कळलं.

साहेबांनी हनुवटी चोळली. न्याय, अन्याय, पोरींचं भलं यातलं त्यांच्या मनात काय होतं, ते त्यांनाच ठाऊक. बोलले ते वेगळंच. “असं चालणार नाही. उत्तर कोण देतंय ते दिसत नाही. मी मार्क कुणाला देऊ? काढा ते कापड. तोंडं दिसू द्या.”

कापड निघालं. अकरा पोरी उन्हात डोळे मिचकावत उभ्या राहिल्या. साळूनं सव्वीस नव्वं पुन्हा सांगितलं आणि वर न विचारलेलं सव्वीस दाहेही सांगून टाकलं.

साहेबांनी शेरेबुकात लिहिलं, की मुलींचे चेहरे व डोकी तपासणाऱ्यास दिसतील अशा रीतीने त्यांना बसवावे, पोशाखाची सक्ती करू नये. आणि मुलांच्या बाबतीत लिहिलं, की प्रत्येक मुलाला स्वतःची वेगळी टोपी असावी आणि टोपीच्या आतून त्याचे नाव घातलेले असावे. घोड्यावर बसताना ते कण्हले आणि निघून गेले. अशा रीतीनं मुलींचा हुकूम कुणाच्या दयेमुळे नव्हे, तर तपासणीची सोय म्हणून पुसला गेला. टोपीचा मात्र पक्का झाला. पोरांचे बाप आठवडाभर शिंप्याच्या दारात रांगेनं उभे होते आणि हेडमास्तरांना शिव्या देत होते. रामराव रांगेत तिसरा होता.

मुआयन्याच्याच संध्याकाळी रामराव रखमाजीच्या ओसरीवर आला. एका टोपीच्या दोन झाल्याचा राग त्याच्या तोंडावर होता.

“रखमा, तुह्या पोरीच्या डोक्यावर लुगडं आलं. अख्ख्या गावानं पाह्यलं. लुगडं ते लुगडं. आता शहागडला निरोप जाणार.”

चतुराबाई म्हशीला पेंड घालत होती. तिनं घमेलं खाली ठेवलं.

“ऐक गं बाई. लुगडं एकच होतं आन् त्याच्याखाली अकरा जणी होत्या. लुगडं आलं म्हणून लगीन करायचं असंन, तर अकराच्या अकरा शहागडला धाडाव्या लागतील. पाटलाची पोरगीबी त्यात होती. आधी पाटलाला विचारून या म्हणावं.”

पाटलाचं नाव निघताच रामराव खोकला. मग त्यानं दुसरीकडून धरलं. “नेसली का न नेसली, ते सोड. पोरगं चांगलं हाय. चाळीस एकर हाय.”

तेव्हा इतका वेळ गप्प बसलेल्या रखमाजीनं तोंड उघडलं. “दादा, पोरगं शिकलं किती?”

“दुसरी.”

“पास?”

रामरावानं मिशीवर हात फिरवला. “दोनदा बसलं दुसरीला. शेतीच्या कामामुळं राहून गेलं.”

“मंग असं करू,” रखमाजी म्हणाला, “साळू होळीनंतर चौथी देती. ती पास झाली, तर पोराला सांगा, आधी तू चौथी कर. नवरा बायकोच्या दोन यत्ता खाली बरा दिसत न्हाई. मला लोक आधीच मामी म्हणतेत. जावयाला काय म्हणतील?”

चतुराबाईनं नवऱ्याकडं असं बघितलं, जणू म्हशीनं पाढा म्हटला.

होळीनंतर साळू जाफराबादला परकरातच परीक्षेला बसली. मुलींच्या बाकावर पाचजणी होत्या, तिच्यासारख्याच. निकाल अक्षय्य तृतीयेच्या आधी आला. कागद चतुराबाईनं साळूकडून सात वेळा वाचून घेतला, पानबाईकडून एकदा, आणि मग रामरावाच्या ओसरीवर नेऊन त्याच्या मोठ्या पोराकडून मुद्दाम मोठ्यानं वाचवला. पोरगं अडखळत अडखळत ‘पास’वर पोचलं. रामरावानं कागद हातात घेतला, उलटा धरला, सुलटा धरला आणि म्हणाला, “आपल्या घराण्यात पयली चौथी हाय ही.” त्या संध्याकाळी तो कागद खिशात घालून पारावर गेला आणि परत द्यायला चार दिवस लावले.

शहागडला निरोप द्यायला तो स्वतःच गेला. तीन मुक्काम जायला, तीन यायला, आणि मध्ये सासुरवाडीत आठ दिवस पुरणपोळी. निरोप नेमका कसा सांगितला, ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. एवढं खरं, की शहागडचे पाहुणे पुन्हा कधी टेंभुर्णीला आले नाहीत, आणि आषाढात साळू पानबाईच्या ओसरीवर पहिलीच्या पोरींना पाढे घोकवायला बसू लागली.